झाशीची रॅम खरेदी समिती

माझा कॉम्प्युटर चालू व्हायला एकोणीस मिनिटं घ्यायचा. हे मी अंदाजानं सांगत नाही. सलग तीस दिवस घड्याळ लावून, तारीखवार नोंद करून, सरासरी काढून सांगतो आहे. कारखान्याच्या खरेदी विभागात मी चौतीस वर्षं काढली. अंदाजपंचे बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे.

एकोणीस मिनिटांत माणूस पुष्कळ काही करू शकतो. दूध तापवून, ते उतू घालवून, ओटा पुसू शकतो. सीपरी बाजारात जाऊन कोथिंबीर आणू शकतो. मी एकदा कोथिंबीर आणून निवडून ठेवली, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच होतं. शेवटी मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. दोघंही काही बोललो नाही.

कॉम्प्युटरवर माझं काम म्हणाल तर एकच. झाशीतल्या मराठी कुटुंबांची यादी ठेवणं. आमच्या मंडळाचा मी चिटणीस. नाव, पत्ता, फोन, आणि गणपतीत कोण कुठल्या दिवशी आरतीला येणार. ही यादी मी हातात घेतली तेव्हा तिच्यात दोनशे बारा नावं होती. आता एकसष्ट आहेत. मुलं पुण्याला जातात, मग आईवडिलांना नेतात. काही मंडळी आणखी लांब जातात. यादी दरवर्षी आखूड होते आणि ती उघडायला दरवर्षी जास्त वेळ लागतो. याचं कारण कोणी मला समजावून सांगेल तर मी आभारी राहीन.

सीपरी बाजारात विक्रमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यानं फोनवरच निदान केलं. "अंकल, रैम कम पड़ रही है." रॅम म्हणजे यंत्राच्या पोटात बसवायची बोटभर लांबीची पट्टी. माझ्या यंत्रात अशा दोन होत्या. "और इस मॉडल की अब आती नहीं. पूरी मशीन बदलनी पड़ेगी."

आता इथं माझी अडचण वेगळीच. खरेदीचा पहिला नियम असा, की प्रस्ताव मांडणाऱ्यानं तो स्वतः मंजूर करायचा नाही. मांडणारा एक, मंजूर करणारा दुसरा. माझ्या घरात माणूस एकच आहे. त्यामुळे गाडी नेहमी इथंच अडते. पंखा घ्यायचा होता तेव्हा दोन उन्हाळे गेले.

लग्नाचंही असंच झालं. सातारहून आई स्थळांची पत्रं पाठवायची. मी रीतसर तुलनात्मक तक्ता केला. शिक्षण, उंची, स्वभाव (कळल्यास), शेरा. तिसऱ्या स्थळाचं पत्र येण्याची वाट बघत थांबलो, कारण तीन कोटेशनांशिवाय निर्णय घ्यायचा नसतो. तोवर पहिल्या दोघींची लग्नं झाली. हे मी गमतीनं सांगत आलोय आणि लोक पोट धरून हसतात. घरी येऊन कुलूप उघडताना मला मात्र त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

तर मी समिती नेमली. रॅम खरेदी समिती. निमंत्रक अस्मादिक. सदस्य एक, शेजारचे रत्नाकरराव. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. समोरची लाईन मोकळी आहे अशी खात्री झाल्याशिवाय हा माणूस चहाच्या कपाला हात लावत नाही. सदस्य दोन, मागच्या गल्लीतल्या रजनीजी. छावणीतल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. यजमान जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात. त्यांचे पूर्वज राजाच्या कारभारासाठी इथं आले ते पुन्हा दक्षिणेत गेले नाहीत. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असते, पण भिंतीतल्या कपाटाला त्या अजून फडताळ म्हणतात. सातारला माझी आजी म्हणायची, तिच्यानंतर हा शब्द मी यांच्याच तोंडून ऐकला.

रजनीजी का, रजनीताई का नाही, असं रत्नाकररावांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, इथली पद्धत आहे. झाशीत नावापुढे जी लावलं की नातं काय ते ठरवावं लागत नाही.

बैठक दर बुधवारी चार वाजता. चारला कॉम्प्युटर सुरू करायचा, तो चार एकोणीसला उघडायचा, तेवढ्या वेळात पोहे आणि चर्चा. पोहे मी करायचो. त्यात मी शेव घालतो, रजनीजी म्हणायच्या की झाशीत शेव वेगळी देतात, पाहुण्याला विचारून. पुढच्या बुधवारपासून मी वेगळी द्यायला लागलो. नंतर त्यांना आल्याचा चहा आवडतो असं कळलं. तेही झालं. रत्नाकररावांना काय आवडतं याची नोंद माझ्याकडे नाही.

पहिल्याच बैठकीत रत्नाकररावांनी लाल झेंडा दाखवला. "थांबा! सध्या नव्या यंत्रांत पाच नंबरची रॅम चालू आहे. सहा नंबरची येतेय. आज पाचची घेतली की दोन वर्षांत भंगार. शिवाय आपली आहे तीन नंबरची. मधली चार तर आपण घेतलीच नाही."

"मग चारची घेऊ," मी म्हटलं.

"ती बंद होतेय."

"मग पाच?"

"सहा येतेय ना!"

रजनीजींनी फाईलच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी मांडलं. त्या नेहमी पेन्सिलीनंच लिहायच्या. गणित पक्कं झाल्याशिवाय शाई वापरायची नाही, अशी त्यांची शिस्त. "मोकाशीजी, सहा आली की सातची बातमी येईल. मग?"

"मग तेव्हा बघू," मी म्हटलं. समितीनं एकमतानं थांबायचं ठरवलं.

थांबण्यातही पुष्कळ काम असतं, हे खरेदीतल्या माणसालाच कळतं. सहा नंबरची रॅम कधी येणार, हे मी एका कंपनीला पत्र लिहून विचारलं. कंपनीच्या यंत्रानं उत्तर पाठवलं की तुमची तक्रार नोंदली आहे. मी कळवलं की ही तक्रार नसून चौकशी आहे. यंत्रानं ती दुसरी तक्रार म्हणून नोंदली. त्यानंतर एक मुलगी रोज फोन करून माझ्या दोन तक्रारींबद्दल मी किती समाधानी आहे ते एक ते पाच आकड्यांत विचारू लागली. चौथ्या दिवशी मी तिला बुधवारच्या बैठकीचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो सर, पाँच मान लूँ?" मी म्हटलं, मान लो. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद झाला. खोटं कशाला बोलू, मला दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

ऑक्टोबरात किमती भडकल्या. विक्रमनं हात वर केले. "अंकल, सारी दुनिया की रैम ए.आई. वाले उठा ले गए. पुरानी मिलती नहीं, नई को हाथ नहीं लगा सकते, और उससे नई आई नहीं. आप तो बस बैठे रहो." समितीनं हा सल्ला नोंदवून घेतला. मला आतून बरं वाटलं. का ते मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

कळलं ते पुढच्या बुधवारी. माझ्या घराचा जिना चढून आल्यावर रजनीजी गुडघा धरून बराच वेळ बसल्या. मग सहज म्हणाल्या, "आमचा तेजस इंदूरहून रोज फोन करतो. भाचा माझा. म्हणतो, मावशी, खालची खोली रंगवून ठेवलीय, गुडघ्याचा डॉक्टर पण बघितलाय. मी त्याला सांगितलं, समितीचं काम आहे रे, ते मधेच टाकून कसं येऊ? रॅमचं ठरलं की येते."

रत्नाकरराव हसले. मीही हसलो. पण माझ्या हातातल्या बशीत चहा सांडला होता.

त्या दिवशी मला माझं सगळं प्रकरण स्वच्छ दिसलं. मला रॅम नको होती. मला बुधवार हवा होता. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी त्या एका दिवसाच्या आधाराने ढकलत होतो. ज्या दिवशी निर्णय होईल त्या दिवशी समिती बरखास्त, आणि रजनीजी इंदूरला. सहा नंबरची रॅम जितकी उशिरा येईल तितकं बरं, अशी मी देवाला प्रार्थना करू लागलो. सगळ्या जगात अशी प्रार्थना करणारं गिऱ्हाईक मी एकटाच असेन.

देवानं शारदा भाभींना पाठवलं. या आमच्या खालच्या शेजारीण, पक्क्या बुंदेलखंडी. महिनोन्‌महिने बंद न पडलेली ही मीटिंग कसली, म्हणून बघायला वर आल्या. यंत्राकडे पाहून म्हणाल्या, "काए भैयाजी, जा पे तो काऊ की नजर लगी है." आणि दृष्ट उतरायला म्हणून, मी नको नको म्हणत असताना कॉम्प्युटरच्या डब्याला लिंबू-मिरची बांधून गेल्या. बाईमाणसाचा मान राखायचा म्हणून मी ती काढली नाही. आठवड्यानं लिंबू सडलं. रस झिरपून डब्यात गेला. मग मुंग्या आल्या. पोह्यांचे कण, सांडलेला चहा, एवढी सोय दुसरीकडे कुठं असणार. एका सकाळी कीबोर्डवरून त्यांची रांग बघितली आणि मी पेचकस घेऊन डबा उघडला.

मुंग्या झाडल्या. दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्या सोनेरी कडेवर काळपट थर बसला होता. पुसायला हाताशी काही नव्हतं, टेबलावर रजनीजींचं खोडरबर पडलं होतं. त्यानं घासलं. थर निघाला, कडा लखलखीत झाली. पट्ट्या परत बसवल्या आणि बटण दाबलं.

दीड मिनिट. मी घड्याळ झटकून पाहिलं. बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा दीड मिनिट. दोनांतली एक पट्टी कळकटपणामुळे इतकी वर्षं कामच करत नव्हती. एक रुपयाही खर्च न होता माझं काम झालं होतं. एखादा माणूस आनंदानं नाचला असता. मी कॅलेंडरवर बुधवारला किती दिवस उरलेत ते मोजलं.

यानंतर मी जे केलं ते सांगताना मला लाज वाटते, पण नोंद पूर्ण असली पाहिजे. बुधवारी दुपारी तीन वाजता मी एक पट्टी काढली आणि डाळीच्या डब्यात लपवली. चारला समिती आली. यंत्र पूर्वीसारखं गरगरत बसलं. रजनीजींनी आल्याचा चहा घेतला. साडेपाचला सगळे गेले, मी पट्टी परत बसवली. चौतीस वर्षांत माझ्या एकाही फाईलवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आणि आता मी तूरडाळीत हात घालून पुरावा शोधत होतो.

असे तीन बुधवार गेले. तिसऱ्या बुधवारी रजनीजींना जिना चढायला चार मिनिटं लागली. मी वरून बघत होतो. प्रत्येक पायरीवर त्या थांबत होत्या, कठड्याला धरून. इंदूरला तळमजल्यावरची खोली तयार होती, डॉक्टर ठरलेला होता, आणि ही बाई माझ्या डाळीच्या डब्यापायी जिने चढत होती. त्या दिवशी मला पोहे गेले नाहीत.

चौथ्या बुधवारी मी दोन्ही पट्ट्या जागेवर ठेवल्या. चार वाजून दीड मिनिटानं यादी पडद्यावर उघडली.

रत्नाकरराव उभेच राहिले. "अरे! लाईन क्लिअर!"

मी खाली मान घालून मुंग्यांची आणि खोडरबराची हकिकत सांगितली. तीन बुधवारांचंही सांगणार होतो. जीभ रेटली नाही. रत्नाकररावांनी फाईल ओढून त्यावर 'खरेदीची गरज उरली नाही, प्रकरण बंद' असं ठळक अक्षरांत लिहिलं. खालून शारदा भाभी आल्या आणि सगळं श्रेय लिंबाला देऊन गेल्या. रजनीजी पडद्याकडे बघत होत्या.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे ठरलं." मग त्यांनी माझं पेन मागितलं आणि पहिल्यांदाच शाईनं सही केली.

पुढच्या सोमवारी आम्ही त्यांना गाडीवर पोचवायला गेलो. रत्नाकरराव सिग्नल नीट पडलाय का ते बघायला प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेले होते. खिडकीतून रजनीजी म्हणाल्या, "मोकाशीजी, आपलं काही ठरवायचं राहिलं तर नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "सगळं नियमाप्रमाणे झालं."

त्यांनी मान हलवली. गाडी गेली. एवढं मूर्ख वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही, आणि मी खरेदी विभागात पुष्कळ बोललो आहे.

बुधवारी चारला सवयीनं पोहे भिजवले. रत्नाकररावांनी निरोप पाठवला की अजेंडाच नाही तर यायचं कशाला. नियमानं ते बरोबरच होतं. कॉम्प्युटर दीड मिनिटात उघडला आणि पुढची साडेसतरा मिनिटं माझ्या अंगावर आली. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. इंदूर.

"पोहे केले?" रजनीजींनी विचारलं.

"केले. शेव वेगळी ठेवलीय."

"आणि कॉम्प्युटर?"

"उत्तम चाललाय."

"अच्छा," त्या म्हणाल्या.  मागे तेजसच्या घरातला कुकर वाजत होता. मग त्यांनी ठेवते म्हटलं.

यादीत फक्त झाशीत राहणाऱ्यांची नावं ठेवायची असा मंडळाचा नियम आहे. मी त्यांच्या ओळीवर जाऊन बसलो. ती ओळ पुसायला एक बटण लागतं. आजवर मी शे-दीडशे नावं पुसली, डोळ्यांची पापणी लवली नाही. ही माझ्यानं पुसवेना. मी यंत्र तसंच बंद केलं आणि पोहे शारदा भाभींकडे देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी विक्रमच्या दुकानात गेलो. आता खरेदी नाही, तर इतके महिने ताटकळल्याबद्दल निदान त्याचे आभार मानावेत. खोडरबराचं सांगितलं, तर त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"हाँ अंकल, मैंने तो मैडम को जून में ही बता दिया था."

"कोणत्या मॅडमला?"

"वही, जो आपकी मीटिंग में आती हैं. यहाँ पूछने आई थीं. मैंने कहा, पहले रबर से घिसवा के देख लो, शायद चल जाए. फिर बोलीं, अंकल को अभी मत बताना." विक्रम जरा ओशाळला. "बोलीं, बुधवार की मीटिंग बंद हो जाएगी. आपकी भी, उनकी भी."

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. जून. मी तीन बुधवार पट्टी लपवली आणि स्वतःला गुन्हेगार समजत होतो. त्या पाच महिने सगळं माहीत असून, दुखता गुडघा घेऊन जिना चढत होत्या आणि माझ्याकडून काही ठरतंय का याची वाट बघत होत्या. आणि मी त्यांना रॅमच्या पुढच्या नंबराविषयी सांगत होतो. विक्रमनं पाणी दिलं. ते मी न पिताच उठलो.

घरी येऊन नवी फाईल काढली. विषय: इंदूरला जाणे. 'कारण' या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडखळलं, शेवटी तो कोराच सोडला. तीन पर्याय मांडले नाहीत, तक्ता केला नाही, रत्नाकररावांचं मत मागवलं नाही. खाली 'प्रस्तावक' म्हणून सही केली. त्याच्या शेजारी 'मंजूर' लिहून तिथंही मीच सही केली. दोन्ही सह्या जुळतात का ते पडताळून पाहिलं. नियम मोडण्याची सवय नाही.

स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीला मोठी रांग होती. माझा नंबर आला तेव्हा बाबूनं फॉर्म उलटापालटा करून परतीच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"वापसी वाला खाना खाली छोड़ दिया आपने. वापसी का भी बना दूँ? आज सीट है, कल का भरोसा नहीं."

"ले लीजिए दादा," मागचा माणूस म्हणाला. "बाद में पछताएँगे."

मी पिशवीत हात घालून पाहिलं. रजनीजींचं खोडरबर मी बरोबर घेतलं होतं.

"वापसी का अभी रहने दीजिए," मी म्हटलं. "थोड़ा रुककर देखते हैं."